सात भोकांचा साक्षीदार

ट्यूबमधलं भोक आपल्या नजरेतून सुटत नाही, असा पंक्चरवाल्यांचा दावा होता. पाण्यात बुडवायचीही गरज नाही, नुसता हात फिरवला की कळतं म्हणे. दावा खरा होता आणि तोच नडला.

त्यांची लेक कॉलेजात बुरशीवर संशोधन करत होती. टाकाऊ रबर खाऊन संपवणारी बुरशी तिला हवी होती. दुकानातल्या जुन्या ट्यूबचे तुकडे बरण्यांत घालून तिने गॅलरीत मांडले होते. आठ महिने बुरशी रबरावर नुसती पाहुण्यासारखी बसून होती. महिनाअखेरीपर्यंत काही दिसलं नाही तर काम बंद, असं तिच्या बाईंनी सांगून टाकलं होतं. पोरीचं जेवणावरून लक्ष उडालं आणि ते बघून बापाचा जीव तुटायचा.

एका सकाळी लेक काही न सांगता बाईंना आणायला पळाली. पंक्चरवाल्यांनी सहज बरणीत डोकावलं. तीन तुकड्यांना मिळून सात भोकं! आपणच पोरीला फाटकी ट्यूब दिली, मग प्रयोग साधणार कसा? त्यांनी तुकडे धुतले, कानशीने घासले, चिकटवायचं सोल्यूशन लावलं आणि सात पॅच असे बसवले की बघत राहावं. मग तुकडे परत बरणीत ठेवले.

लेक बाईंना घेऊन आली आणि तिने पॅच लावलेला तुकडा बरणीतून बाहेर काढला.

"बाबा, ती भोकं बुरशीने पाडली होती," ती म्हणाली. "आठ महिन्यांत पहिल्यांदा."

बाईंनी चिमट्याने पॅच ओढून पाहिला, मग पकडीने. तो हलेना. आपला पॅच सुटावा म्हणून पंक्चरवाल्यांनी जन्मात पहिल्यांदा देवाला साकडं घातलं. देवाने ऐकलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "बाई, खिळ्याचं भोक गोल असतं, काचेचं चिरलेलं. ही तशी नव्हती. कडा जुन्या चादरीसारख्या विरत गेल्या होत्या. तीस वर्षांत मी असं भोक पाहिलं नाही. माझ्या चुकीची शिक्षा पोरीला देऊ नका."

बाईंनी वही काढून सातही भोकांची हकिकत लिहून घेतली. एवढा पुरावा पुरणार नाही, म्हणाल्या, पण दोन महिने वाढवून दिले. बरणीच्या तळाशी बुरशी उरली होती. लेकीने तिच्यावर नवे तुकडे ठेवले.

तेव्हापासून पंक्चरवाले रोज दुकानाआधी गॅलरीत जायचे. सव्वा महिन्याने त्यांनी लेकीला हाक मारली. मोहरीएवढं भोक होतं, कडा विरलेल्या. त्यांचे डोळे भरून आले. लेकीचेही आले, पण तिने आधी हात पुढे केला.

"बाबा, खिशात काय आहे?"

पंक्चरवाल्यांनी सोल्यूशनची ट्यूब काढून तिच्या हातावर ठेवली.