बोरसेकाकांचा राखीव रकाना

बोरसेकाकांकडे चहा प्यायचा तर आधी साइट बघावी लागते. दारात पाऊल ठेवलं की काका पाहुण्याच्या पायांकडे बघून म्हणतात, "बूट काढू नका. आधी साइट." नव्या माणसाला वाटतं, काकांनी कुठंतरी प्लॉट घेतला असावा. तो बिचारा हौसेनं निघतो. गल्लीच्या टोकाला जाळीचं कुंपण, त्याच्याखाली ओढा, ओढ्यापलीकडे दुसरं कुंपण. काका हात लांब करून सांगतात, "हा पूल." पाहुणा डोळे बारीक करून पूल शोधतो. पूल नसतोच. "नाही ना दिसत? हाच तर प्रॉब्लेम आहे!" म्हणून काका खूश होतात आणि मगच चहा मिळतो.

ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या आसपासच्या एका छोट्या शहरात आम्ही राहत होतो. काका धुळ्याकडचे, सरकारी बांधकाम खात्यात जन्मभर रस्ते बांधून निवृत्त झालेले. सुमनकाकूंना घेऊन ते मुलाकडे कायमचे राहायला आले. बाकीची मंडळी अमेरिकेत आली की नायगारा बघतात. काकांनी पहिल्या महिन्यात शहरातले खड्डे बघितले आणि सिटी हॉलमध्ये रस्त्यांची मीटिंग कधी असते ते शोधून काढलं.

तिथं त्यांना जुनी ओळखीची माणसं भेटल्यासारखा आनंद झाला. काउंटी म्हणजे आपला जिल्हा. रस्त्यांचा निधी जिल्ह्याकडे, तो सगळ्या शहरांत मिळून वाटायचा. प्रत्येक शहरानं आपल्या कामांना गुण द्यायचे, यादी लावायची आणि वरची तीनच कामं जिल्ह्याकडे पाठवायची. काम सुरक्षिततेचं आहे का, किती लोक वापरतील, काय कशाला जोडलं जाईल, असे ते गुण. "सेम टु सेम जिल्हा परिषद," काका मला म्हणाले, "फक्त इथं चहा देत नाहीत."

काकांचा पूल पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी होता. दोन वर्षं तो यादीत तळाला राहिला. सिग्नल पुढे गेला, डांबरीकरण पुढे गेलं, पूल तिथंच. 'वापरणार किती लोक' या प्रश्नाशी गाडी अडायची. नसलेल्या पुलावरून जाणारी माणसं दाखवायची कशी?

"मोजू," काका म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते एक्स्प्रेसवेच्या कोपऱ्यावर घडीची खुर्ची टाकून बसले. पूल नाही म्हणून जे जे लांबून वळसा घालून जातात, ते सगळे काकांच्या वहीत. वहीत पट्टीनं आखलेले रकाने होते: शाळा, नोकरी, दुकान, व्यायाम, कुत्रा. त्यापुढे आणखी एक रकाना होता, त्याला नावच नव्हतं. त्यात कधी एक रेघ पडली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "राखीव आहे."

माकडटोपी घातलेला एक म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करतोय, अशी कुणीतरी तक्रार केली. पोलीस आला. काकांनी त्याला बोलूच दिलं नाही. "कम. फर्स्ट साइट," म्हणून त्याला कुंपणापाशी नेलं. पाऊण तासानं तो सुटला. त्यानंतर तो गाडीतून जाताना लांबूनच हात करायचा, पण थांबायचा मात्र नाही.

आता माझा या सगळ्याशी काय संबंध, तर ओढ्यापलीकडचं ते दुसरं कुंपण आमच्या घरामागचं. बाबा गेल्यावर आईला मी वर्ध्याहून माझ्याकडे आणलं. दिवसभर मी ऑफिसात, ती घरात. "दार उघडलं की रस्ता दिसतो, माणूस दिसत नाही," असं ती म्हणायची. मग एका सत्यनारायणाच्या पूजेला तिला सुमनकाकू भेटल्या, आणि बोलता बोलता दोघींना कळलं की आपण पाठीला पाठ लावून राहतो. मधे फक्त ओढा. पण गाडीनं जायचं तर दोन सिग्नल आणि एक यू-टर्न, आणि गाडी दोघींनाही येत नव्हती. मग रोज दुपारी दोघी आपापल्या कुंपणाशी उभ्या राहून फोनवर बोलायच्या. इतक्या मोठ्यानं बोलायच्या की फोनची गरजच नव्हती, पण फोन कानावरून हलायचा नाही.

त्यातून पुढे सुमनकाकूंचे गुडघे दुखायला लागले. उभं राहणं कमी झालं. दुपारचा फोन पाच मिनिटांवर आला आणि आईनं वर्ध्याचं नाव काढायला सुरुवात केली. वर्ध्यात आता कुणीही उरलं नव्हतं. मला रात्रंदिवस तीच काळजी लागली होती.

सिटी हॉलमध्ये लिंडा नावाची एक इंजिनिअर होती. तिचा काकांवर जीव. ती एकदा म्हणाली, "मिस्टर बोरसे, टेल देम हू नीड्स इट. तुमच्या मिसेसबद्दल सांगा ना." काका ताठ झाले. "पब्लिक, मॅडम. जनरल पब्लिक."

त्याला कारण होतं. धुळ्याला असताना एका पुढाऱ्यानं आपल्या मळ्याकडे रस्ता वळवून मागितला होता. काकांनी नाही म्हटलं आणि बदली झाली. पुढच्या गावीही तेच. नाही म्हणायचं आणि सामान बांधायचं. "नात्याचा रस्ता मागायचा नाही, द्यायचा नाही," हे काकांचं ब्रीद. सुमनकाकू एकदा हसत मला म्हणाल्या होत्या, "अकरा बदल्या झाल्या बघ. भांडं एक फुटलं नाही, मैत्रिणी तेवढ्या सुटत गेल्या." काका तिथंच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं नाही.

तिसऱ्या वर्षीच्या सुनावणीला मी आईलाही घेऊन गेले. काकांना बोलायला तीन मिनिटं होती. त्यांनी तक्ते दाखवले, शाळेची मुलं किती, कुत्री किती ते सांगितलं. घंटा वाजली. समितीतले दोघे घड्याळाकडे बघत होते. काका तक्ते गुंडाळत होते, तेवढ्यात आई उठून थेट माइकपाशी गेली. मी मागे धावले.

"तू इंग्रजी कर," ती मला म्हणाली, आणि समितीकडे बघून मराठीत सुरू झाली. "माझी एक मैत्रीण आहे. ती ओढ्यापलीकडे राहते. मला दिसते. तीन वर्षं नुसती दिसते. मुलीला वेळ असला की ती मला तिकडे सोडते, आणि घ्यायला कधी येणार ते आधीच सांगून जाते. मला एकदा कुणाला न विचारता तिच्याकडे जायचंय. भाजी फोडणीला टाकून निघावं, तसं."

मी इंग्रजी केलं. फोडणी कशी सांगावी ते कळेना. पण कुणी घड्याळाकडे बघत नव्हतं.

बाहेर आल्यावर काका खाली मान घालून म्हणाले, "ताई, नात्याचा विषय नको होता."

"कसलं नातं?" आई म्हणाली. "मी तर पलीकडची आहे."

काका गुंडाळलेले तक्ते पुन्हा गुंडाळायला लागले.

पूल यादीत तिसरा आला. मग तो जिल्ह्याच्या यादीत गेला, तिथं अडकला, सुटला, आणि बांधून व्हायला दोन हजार सात उजाडलं. मधल्या काळात काकूंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या घरातल्या घरात चालायचा सराव करायच्या आणि काका रस्ता मोजायच्या चाकानं त्यांचं अंतर मोजायचे. आईनं वर्ध्याचं नाव काढणं सोडलं, कारण तिला आता पुलावर लक्ष ठेवायचं होतं. आज कुठला खांब झाला, हे मला जेवताना समजायचं.

पूल सुरू झाला त्या सकाळी मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि थर्मासमधून काकांसाठी चहा घेऊन गाडीनं वळसा घालून पलीकडे गेले. काका पुलाच्या त्यांच्याकडच्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर तीच वही. "पूर्वीची मोजणी झाली, आता नंतरची नको?" म्हणाले.

थोड्या वेळानं सुमनकाकू आल्या. नवी साडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात डबा. पलीकडच्या टोकाला आई येऊन उभी होती. आज तिच्या हातात फोन नव्हता.

"थांबा," काका म्हणाले. "जाण्याचा हेतू?"

"अहो, तुम्हाला माहीत नाही का?"

"नोंद करायची आहे. हेतू सांगा."

काकू काठी टेकवून उभ्या राहिल्या. "मैत्रिणीकडे चाललेय."

काकांनी पेन्सिल काढली आणि त्या राखीव रकान्यावर, पट्टी धरून लिहावं इतक्या सरळ अक्षरात लिहिलं, 'मैत्रिणीकडे'. खाली एक रेघ मारली. मी उभी होते तिथून मला सगळं दिसत होतं. मोजणीच्या पहिल्याच दिवशी आखलेला तो रकाना होता. मला काकांचे आभार मानायचे होते, आईसाठी, माझ्यासाठी. मी नुसता चहा पुढे केला.

काकांनी तो घेतला नाही. ते चष्मा पुसत होते.

"चला, पुढे व्हा," ते काकूंना म्हणाले. "मागे गर्दी होतेय."

मागे कुणीही नव्हतं.