थूल सरांची दुरुस्ती

थूल सर रस्त्यात भेटले की "कसा आहेस" असं विचारत नाहीत. "कोणत्या सालची बॅच?" असं विचारतात, आणि तुम्ही सिंदीच्या शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेले असाल, तर तिथंच उभं करून तुमचं एक वाक्य दुरुस्त करतात.

वाक्य तारकागुच्छांचं आहे. एकमेकांना धरून राहणाऱ्या ताऱ्यांचा घोळका म्हणजे तारकागुच्छ. कृत्तिका त्यातल्याच. सर आम्हाला शिकवायचे, की असा गुच्छ एकाच ढगातून एकाच वेळी जन्माला येतो, म्हणून त्यातले सगळे तारे एका वयाचे. हे त्यांनी नोकरीभर दरवर्षी फळ्यावर लिहिलं. निवृत्तीनंतर कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की काही गुच्छांत वेगवेगळ्या वयांचे तारे सापडलेत. फिरता फिरता गुच्छ बाहेरचा वायू आणि धूळ ओढून घेत असावा, आणि त्यातून जुन्या ताऱ्यांच्या मधोमध नवे जन्मत असावेत. दुसऱ्या कुणी पान उलटलं असतं. सरांनी चपला घातल्या.

माझं कृषी केंद्र आहे. सर पहिल्यांदा आले तेव्हा ऐन पेरणीचे दिवस. काउंटरला माणसं चिकटलेली, प्रत्येकाला कपाशीचं बियाणं हवं. सर त्यांच्यातून वाट काढत पुढे आले.

"मी तुले चुकीचं शिकवलं होतं. थे खोडून टाक."

"काय खोडू, सर?"

"एका वयाचे. सगळे नाई राहत. जुन्यात नवे मिसळले राहतात."

शेजारच्या शेतकऱ्यानं हातातलं पाकीट हळूच खाली ठेवलं. "म्हंजे यात जुनं बी मिसळते का?" त्याचं पाहून आणखी दोघांनी ठेवलं. सर समाधानानं निघून गेले आणि मी दुपारभर बियाण्याच्या शपथा घेत बसलो.

आष्टीच्या बाजारात त्यांनी वांगी विकणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठलं. एका नवरदेवाला तर मांडवात जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "सर, आज राहू द्या." सर म्हणाले, "उद्या तू ऐकशीन का?" कुणी हसलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे: "विद्यार्थी पास झाला म्हणून मास्तर सुटत नाई."

विज्ञान दिनाला शाळेनं त्यांना भाषणाला बोलावलं. मुख्याध्यापकांनी आधीच विनंती केली, "सर, पोरांना गोंधळात टाकू नका. पुस्तकात तसं नाही. शास्त्रज्ञांमध्येही अजून वाद सुरू आहे म्हणतात."

"मंग वाद सुरू आहे, असं शिकवा."

"परीक्षेत काय लिहायचं त्यांनी?"

"वाद सुरू आहे."

भाषण रद्द झालं. त्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला सर फाटकाबाहेर, पाणीपुरीच्या गाडीशेजारी उभे. मुलं पाणीपुरीसाठी थांबत आणि तारे ऐकून जात. शेवटी मुख्याध्यापक स्वतः बाहेर आले. "सर, बरं दिसत नाही हे. आत या, चहा घ्या."

"भाषण देऊ देता का?"

"ते नाही जमणार."

"मंग चहा बी नाई." आणि ते पुढच्या मुलाकडे वळले.

एक दिवस मला म्हणाले, "सेवाग्रामले चाल. वंदनाले सांगाचं राह्यलं."

वंदना म्हणजे आमच्या पुढच्या बॅचची मुलगी. सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा तिनं मागच्या बाकावरून विचारलं होतं, "सर, मागून एखादा आला तर?" सरांनी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता ती सेवाग्रामच्या दवाखान्यात सिस्टर आहे.

मी गाडीवर सरांना घेऊन गेलो. वंदना वॉर्डातून घाईघाईनं बाहेर आली, सरांच्या पाया पडली. सरांनी सगळं सांगितलं, ढगापासून धुळीपर्यंत. ती ऐकत राहिली आणि मग हसली.

"सर, मले तर काहीच आठवत नाई. वर्गाबाहेर तर मी रोजच उभी राहो."

"तुले नसन आठवत. तरी तू बरोबर होती." मग थांबून म्हणाले, "काही गुच्छांत."

वंदनाचं हसू ओसरलं. तिनं मनगटानं डोळ्यांची कड पुसली. "एवढ्यासाठी एवढ्या दूर आले तुम्ही?" मग एकदम आठवून म्हणाली, "अन् काकू कशा आहेत? माझ्याजवळ डबा नसला का घरी नेऊन जेवू घालत मले."

"बरी आहे," सर म्हणाले. "तुयी आठवण काढते."

काकूंना वारून दुसरा हिवाळा चालू होता. मी सरांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

"त्यांना सांगा, संक्रांतीला येईन मी."

"सांगतो."

वॉर्डातून तिला हाक आली. ती गेली. आम्ही निघालो. पवनारचा पूल आला. पुलावर मीच गाडी हळू केली.

"सर, वळवू का परत?"

माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला.

"नाई. थे राहू दे तसंच. तिच्याजवळ तरी असू दे ती."