टायरच्या कडा आणि चीजची किसणी

मर्विन पेंग्लीला मोटारसायकलचे टायर बदलायचे होते. बस्स, एवढंच. पण आठवडेच्या आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. (त्यांच्या लॉन्सेस्टन शहरात लोक घर घेतानासुद्धा इतका विचार करत नाहीत.)

तसं त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. टास्मानियात निघताना ऊन, घाटात धुकं, उतारावर गारा, आणि लाकडाच्या ट्रकांतून पडलेल्या ओल्या साली तर कायमच्याच. शिवाय बायकोची अट होती. सिग्नलला उभ्या गाडीवरून मर्विनने तिला अलगद रस्त्यावर आडवं केलं, त्या दिवसापासून ग्लेनिस मागे बसलेली नव्हती.

"ओल्या रस्त्याला धरून राहतील असे टायर आण. मग लग्नाच्या वाढदिवसाला येते तुझ्यामागे सेंट हेलन्सला," ती म्हणाली होती. ग्लेनिस मागे नसली की मर्विनला गाडी अर्धीच वाटायची.

"हा बघ," मर्विन टायरचं चित्र तिच्यापुढे धरायचा, "मधे कडक, कडेला मऊ. झिजत नाही आणि वळणावर सोडतही नाही. आणि खाचा बघ, पाणी कसं बाहेर फेकतील!"

"काळाच आहे ना?"

"सगळेच काळे असतात, ग्लेनिस!"

"मग घेऊन टाक की!"

आले एकदाचे टायर. गाडीला बसवून झाल्यावर मर्विन गॅरेजमध्ये स्टूल टाकून त्यांच्याकडे कौतुकाने बघत बसला, आणि तिथेच माशी शिंकली. त्याला सेंट हेलन्सची बेकरी आठवली.

त्याच्या मोटारसायकल क्लबातली मंडळी तिथे पोचली की खाण्याआधी एकमेकांच्या टायरच्या कडा बघतात. जो वळणावर गाडी झोकून कलतो, त्याच्या कडा खरखरीत. जो भितो, त्याच्या नव्याकोऱ्या. मर्विनचे जुने टायर मधे पार टकले झाले, तरी कडा तशाच तुळतुळीत होत्या. म्हातारा क्लाइव्ह त्यावरून बोट फिरवून म्हणायचा, "जपून ठेव मर्व, नातवंडांना होतील!"

ग्लेनिससमोर ही शोभा नको. मर्विनने गुपचूप स्वयंपाकघरातली किसणी आणली आणि दोन्ही टायरच्या कडा घासघास घासल्या. मग किसणी धुऊन जागेवर ठेवली. (धुऊन म्हणजे नळाखाली धरून.)

संध्याकाळी ग्लेनिसने त्याला पास्ता वाढला आणि त्याच किसणीने वर भरपूर चीज किसलं. स्वतः मात्र भूक नाही म्हणत टोस्ट घेतला. पांढऱ्या चीजमध्ये बारीक काळे कण चमकत होते.

"मिरी जास्त झाली का रे?"

"छे छे, झकास! वाढ आणखी थोडं," म्हणत मर्विनने ताट चाटूनपुसून साफ केलं. करतो काय बिचारा!

दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या वाढदिवसाला, ग्लेनिस खरंच मागे बसली. वेल्डबरोच्या घाटात पाऊस कोसळला, वळणावळणावर साली पसरलेल्या. पण काय ते टायर! रस्त्याला असे चिकटून राहिले, की उतरून त्यांचा मुका घ्यावा असं मर्विनला वाटलं. त्याच्या पोटाभोवतीची ग्लेनिसची मिठी हळूहळू सैल झाली, आणि ती चक्क गुणगुणायला लागली. मर्विनला आभाळ ठेंगणं झालं.

बेकरीसमोर क्लाइव्ह नेहमीप्रमाणे वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"अरे, इकडे या सगळे! मर्वच्या कडा बघा! मागे बायको, वर पाऊस, आणि हा पठ्ठ्या एवढा कलला! मानलं बाबा तुला!"

मर्विनची छाती फुगली. ग्लेनिसने हातातली शिंपल्यांची करी भरलेली पेस्ट्री खाली ठेवली.

"एवढा कलतो हा? मग मी घरी बसने जाते. स्टँड कुठाय हो?"

मर्विनने कडांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"नाही गं ग्लेनिस! मी कललोच नाही! आख्खा घाट म्हातारीसारखा उतरलो! त्या कडा... किसणीने किसल्यात मी!"

बेकरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. ग्लेनिसने शांतपणे हेल्मेट चढवलं.

"माहीत आहे मला. किसणीच्या भोकांत रबर दिसलं होतं कालच. म्हणून तर निर्धास्त बसले तुझ्यामागे. चल."

मर्विनचा जीव भांड्यात पडला. गुणाची बायको, तिला सगळं कळतं आणि तरी ती मागे बसते! किल्ली फिरवताना मात्र त्याचा हात थांबला.

"कालच दिसलं? आणि तरी त्याच किसणीने चीज किसलंस?"

"फक्त तुझ्या ताटात. म्हटलं, बघू कधी कबूल होतोस. तर तू म्हणालास, वाढ आणखी थोडं!"