तात्यांचा बांधलेला पाय

आमच्या मार्गासनी गावात कुणी पाय आवळून बांधलेला दिसला की एकच अर्थ: साप चावला. म्हणून शेजारचे तात्या ओट्यावर मांडीला पट्टा बांधून लालबुंद तोंडानं बसलेले दिसताच मी टेम्पो बोलावला. चौघांनी त्यांना उचललंसुद्धा. तात्या बोंबलतायत, "अवो गुर्जी, साप न्हाई, व्यायाम हाय!"

व्यायाम! बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय, पण हे काही माझ्या टाळक्यात शिरेना. भोरच्या फिजिओवाल्या बाईंनी म्हणे सांगितलं, मांडीला मापात पट्टा बांधायचा, रक्त जरा अडवायचं आणि हलक्या वजनानं पाय उचलायचा. गुडघ्यावर भार न पडता मांडीत ताकद येते.

"आणि पट्ट्यानं सूज आली तर?" मी विचारलं.

"तितंच घोळ हाय. व्यायामानं आदी जराशी सूज येती म्हनं, ती चांगली. मग गुडग्याची जुनी उतरंल. न्हाई बी उतरायची. बाईच म्हनली, बगू. तुमी शिकल्यालं, तुमीच सांगा."

मी टेम्पो परत पाठवला.

रोज सकाळी तात्या पट्टा बांधत, पावलाला वाळूची पिशवी अडकवत आणि "लई नको, ढिलं बी नको" पुटपुटत पाय उचलत. गुडघा मोजायला एक सुतळी होती, तिला खुणेच्या गाठी. गंमत म्हणजे तात्यांचे दोन्ही गुडघे ठणठणीत! डोंगर चढताना माझ्या पुढं असतात. म्हातारा खुळावला, असं मी ठरवून टाकलं.

परवा ताक मागायला त्यांच्या घरात गेलो. पट्टा काकूंच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या मांडीला होता. सुजलेला गुडघा त्यांचा. श्रावणापासून त्या अंथरुणाला खिळलेल्या. तात्या खाली बसून विचारत होते, "आवळतंय का गं? सकाळी माज्या पायाला एवडंच बांदून बगितलंय. दुकलं न्हाई."

व्यायाम झाला. पट्टा सुटला. तात्यांनी गुडघ्याला सुतळी गुंडाळली आणि अशी करकचून ओढली, की टोक मागच्या खेपेच्या गाठीपुढं गेलं. "उतरली बग, बोटभर!"

सूज होती तेवढीच होती. मला दिसत होती, काकूंनाही दिसत होती. मी काहीतरी बोलणार, तोच काकूंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. मग भिंतीला हात टेकून, ओठ दाबून, त्या उभ्या राहिल्या.

"उतरली न्हवं? मग गुर्जींना ताक मीच देती."