राजाच्या आयाळीतलं घरटं

एका जंगलात सिंहाचं राज्य होतं. यात नवीन काही नाही. सशाचं राज्य असलेलं जंगल तुम्हाला कधी सापडलं, तर मला कळवा, बाळांनो. मी सामान घेऊन तिकडे राहायला जाईन.

तर या जंगलात फडकू नावाचा एक सुगरण पक्षी होता. तुम्हाला वाटत असेल, सुगरण म्हणजे बाई. पण या पक्ष्यांत घरटं विणतो तो नवरदेव. अर्धं घरटं झालं की तो त्याला लटकून पंख फडफडवतो. मग नवरी येते, घरटं ओढून बघते, आत डोकावते, नाक मुरडते आणि बहुतेक वेळा निघून जाते.

फडकूचं सगुणेवर मन बसलं होतं. इतकं, की तिचं नाव घेताना त्याच्या चोचीतलं गवत खाली पडायचं.

सगुणा व्यवहारी होती. ती म्हणाली, "आठ दिवस थांबते. खाली पाणी हवं, साप यायला नको, आत चिखलाचे गोळे नीट लावलेले हवेत. नवव्या दिवशी मी दुसऱ्याचं घरटं बघायला जाणार. राग मानू नकोस."

फडकूने विहिरीवरची बाभूळ हेरली. खाली पाणी, वर काटे, साप फिरकायचा नाही. पण ती बाभूळ राजाची होती. राजाची परवानगी हवी होती. फडकू चोचीत गवताची एक लांब पात घेऊन दरबाराकडे उडाला.

दरबाराच्या दारात साळिंदर बसलं होतं. त्याचं नाव काटेशास्त्री. अंगावर इतक्या लेखण्या असल्यामुळे राजाने त्याला शब्दकोशाच्या कामाला लावलं होतं. दारात मागणाऱ्यांची फार गर्दी होते, तर आधी कोणाला काय म्हणायचं ते ठरवा, मगच आत सोडा, असा हुकूम होता.

"तू कोण?" काटेशास्त्रींनी विचारलं.

"फडकू."

"नाव नाही विचारलं. शब्द विचारला. नुसते हात जोडून उभा राहतो तो याचक. अंघोळ करून, हात जोडून उभा राहतो तो इच्छुक. आधी कोणाला तरी भेटून मग उभा राहतो तो उमेदवार. यातला तू कोण?"

"मला बाभूळ हवी आहे. लग्न करायचंय."

शास्त्रीबुवांनी लेखणी खाली ठेवली. "मग इथे कशाला आलास? ही कृपेची रांग. प्रीतीची रांग पलीकडे. तिथे सुरात गातो तो प्रणयेच्छू, बेसूर गातो तो आशिक, आणि मामा-काकांना घेऊन येतो ते स्थळ."

फडकू पलीकडच्या रांगेत गेला. पुढे एक मोर होता. त्याच्यासोबत अकरा नातेवाईक होते, म्हणून त्याला बसायला दगड मिळाला होता. मागे एक बेडूक होता. त्याला सगळे आशिक म्हणत होते आणि त्याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

दोन दिवसांनी फडकूचा नंबर आला. तिथला खवल्या मांजर कारकून म्हणाला, "बाभूळ? ही तर कृपा झाली. पलीकडे जा."

असे पाच दिवस गेले. कृपेच्या रांगेत तो प्रेमी ठरायचा आणि प्रेमाच्या रांगेत भिकारी. एवढ्या वेळात कोल्हेपंत मात्र रोज सकाळी दोन्ही रांगांच्या मधून शीळ घालत आत जायचे आणि ढेकर देत बाहेर यायचे. त्यांना काय म्हणतात, ते कोशात कुठेच नव्हतं.

सहाव्या दिवशी शास्त्रीबुवा कंटाळले. "जा बाबा आत. दोन्ही लिहितो. महाराजांनाच ठरवू दे."

आत गर्जेंद्र महाराज उंच खडकावर झोपले होते. अख्खं सांबर खाल्लं होतं, दोन दिवस उठणार नव्हते. मान खडकाच्या कडेवर कलंडली होती आणि आयाळ खाली डोहावर लोंबत होती.

"उठेपर्यंत थांब," चोपदार गवा म्हणाला.

फडकू थांबला. पण विणकराची चोच रिकामी थांबत नाही. सगुणा थांबणार ते आता दोनच दिवस, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला. तो स्वतःशी हिशेब करत राहिला आणि चोच जवळ जे लोंबत होतं त्यात पात गुंफत राहिली. एक गाठ. दुसरी गाठ. मग तो डोहाकाठचं गवत आणायला गेला. मग चिखल आणायला गेला.

गव्याला वाटलं, शास्त्रीबुवांनी परवानगी दिली असेल. शास्त्रीबुवांना वाटलं, कोल्हेपंतांनी दिली असेल. कोल्हेपंतांना वाटलं, जो राजाच्या केसांना हात घालतो तो नक्कीच घरचा असणार. त्यांनी फडकूला वाकून नमस्कार केला.

आठव्या दिवशी सगुणा त्याला शोधत आली. महाराजांच्या डाव्या कानाखाली घरटं डुलत होतं.

"कुठे बांधलंस रे हे?" ती म्हणाली, आणि रीतीप्रमाणे तिने ते जोरात ओढलं.

महाराजांचे डोळे उघडले. फडकूचे मिटले. आपण मेलो, आणि तेही लग्नाआधी, एवढंच त्याच्या मनात आलं.

"कानाला काय आहे हे?" महाराजांनी विचारलं.

कोल्हेपंत पुढे सरसावले. "भिकबाळी, महाराज. काय शोभतेय."

महाराजांनी डोहात वाकून पाहिलं. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. त्यांना स्वतःचा चेहरा मुळातच आवडायचा, आता जास्त आवडला.

सगुणेने आत डोकावून चिखल तपासला. "जागा हलते," ती म्हणाली.

"हलते," फडकू म्हणाला, "पण साप यायचा नाही."

हे तिला पटलं. ती आत जाऊन बसली. फडकू आनंदाने इतका फडफडला, की महाराजांना शिंक आली. सगुणेने आतून बजावलं, "शिंकायचं नाही."

तेव्हापासून महाराज मान ताठ ठेवून बसले. डरकाळी बंद. शिकार बंद. हरणांनी त्या महिन्यात चार बारशी केली. कोल्हेपंतही डाव्या कानाला एक घरटं बांधून घेता येईल का, याची चौकशी करू लागले.

काटेशास्त्री कोश घेऊन आले. "महाराज, हा याचक, प्रणयेच्छू की उमेदवार? नोंद राहिली आहे."

महाराजांनी मान हलू न देता, ओठांतल्या ओठांत उत्तर दिलं.

"हळू बोला. अंडी आहेत. जावईबापू लिहा."

तात्पर्य: संयम हा फार थोर गुण आहे. म्हणून तो रांगेतल्या इतरांसाठी ठेवावा.