अंबरपेठ शाखा वाचनालयाचा सर्वसंमत नकाशा

अंबरपेठेत शाखा वाचनालयासाठी तीनशे चौरस गज जागा मंजूर झाली, तेव्हा सर्वांत जास्त आनंद शंकररावांना झाला. सिकंदराबादला रेल्वेत नोकरी करता करता त्यांनी नऊशे मराठी पुस्तकं जमवली होती. दिवाळीच्या आत ती हलवा, नाहीतर रद्दीवाल्याला बोलावतो, असं मुलानं, आदर्शनं, निक्षून सांगितलं होतं. नव्या वाचनालयात एक मराठी कपाट मिळालं की शंकरराव सुटणार होते.

नागरिकांच्या सूचनांसाठी बैठक भरली. अभियंता शिवराजनं टेबलावर नकाशा पसरला. मराठी मंडळाच्या अध्यक्ष दीपमालाबाईंनी आधी पार्किंग मागितलं, त्यात तळमजला गेला. मंडळातल्याच सुनंदाबाईंच्या मते वास्तुशास्त्रानुसार ईशान्येला जिना म्हणजे वाचणाऱ्यांचं वाटोळं. तो नैर्ऋत्येला सरकला आणि जाताना बालविभाग गिळून गेला. उमाजीरावांना वाढदिवसांसाठी हॉल हवा होता. हॉल आला म्हणून स्वयंपाकघर आलं. आपल्या कपाटाला कुणी नाही म्हणू नये, म्हणून शंकररावांनी कशालाच नाही म्हटलं नाही.

वाचनकक्ष उरला जिन्याखाली, चार फूट उंचीचा.

“शिवराज, इथं माणूस उभा कसा राहील?”

“काका, उभं कायकू राहायचं? बसूनच वाचतात ना!”

“आणि पुस्तकं?”

“हौ, भिंतीवर पुस्तकांच्या चित्रांचा वॉलपेपर लावतोय. धूळ नाही, वाळवी नाही.”

शंकरराव जन्मात पहिल्यांदा भडकले. त्यांनी चार पानी निवेदन लिहिलं. पहिल्या दोन पानांत ग्रंथांचा महिमा, चौथ्यावर आभार आणि तिसऱ्यावर एकच मागणी: मराठी पुस्तकांसाठी कपाट. टायपिंगच्या दुकानात तिसरं पान कोरंच छापलं गेलं. आपलंच लिहिलेलं पुन्हा काय वाचायचं, म्हणून शंकररावांनी ते पाहिलं नाही. मंडळाच्या दोनशे बारा वाचनप्रेमींनी “सही कुठं करू?” एवढंच विचारलं.

आठ दिवसांत उत्तर आलं: “आपल्या निवेदनाचे काळजीपूर्वक अवलोकन करण्यात आले असून पृष्ठ तीनवरील मागणी जशीच्या तशी मान्य करण्यात येत आहे.”

शंकरराव धावतच नव्या नकाशात कपाट बघायला गेले. शिवराजनं त्यांना नकाशातला एक रिकामा कोपरा दाखवला आणि फाइलीतलं कोरं पान पुढं केलं.

“तंतोतंत केलंय, काका. मोजून घ्या.”

शंकररावांनी ते पान घडी करून खिशात घातलं. दिवाळी तोंडावर आली होती; दुपारी आदर्शनं पुस्तकं रद्दीवाल्याला दिली. संध्याकाळी मंडळानं मागणी मान्य झाली म्हणून शंकररावांना शाल घातली. त्यांनी खिशातून ते पान काढून सभेपुढं धरलं.

“अहो, हे एकदा तरी वाचा!”

“ग्रुपवर टाका ना, भाऊ,” दीपमालाबाई म्हणाल्या, “सवडीनं वाचू.”

पान ग्रुपवर गेलं. जेवणं आटोपायच्या आत दोनशे बारा जणांचा अभिप्राय आला: “अगदी आमच्या मनातलं लिहिलंत!”