शहाजीरावांच्या फोटोचं वर्णन

यशराजची टीम लीडची बढती आज दुपारी ठरणार होती आणि नेमकं आजच सकाळी वाशीच्या ऑफिसात नूरीन मॅडमचं ट्रेनिंग आलं होतं. कंपनीची वेबसाइट न्हावा शेवा बंदरातून माल पाठवणाऱ्यांसाठी. ती दृष्टिहीनांनाही वापरता यावी म्हणून प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिहायचा हुकूम सुटला होता. हे वर्णन पडद्यावर दिसत नाही. मग वाचतंय कोण, असं समजून यशराजने मालक शहाजीरावांच्या फोटोमागे जे दिसलं तेच खरडून टाकलं होतं, 'साहेब पोट आत घेऊन उभे आहेत. श्वास संपत आलाय.'

नूरीन मॅडम स्वतः दृष्टिहीन. त्यांनी आपला लॅपटॉप स्पीकरला जोडला.

"हा पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचतो. फोटोमागचं वर्णनसुद्धा. चला, तुमचीच वेबसाइट ऐकूया."

पहिल्याच खुर्चीत शहाजीराव बसले होते.

"उज्वला, मेलो मी," तो शेजारणीच्या कानाशी पुटपुटला. "साहेबांचा फोटो सगळ्यात खाली आहे ना?"

"हो रे. आधी जहाज, क्रेन, ट्रक. टेन्शन नको घेऊस, तोवर बदलून टाक पटकन."

यशराजने मांडीवर लॅपटॉप उघडला. जुनं वाक्य पुसून 'कंपनीचे संचालक' लिहायचं, काम एवढंच. पण घाईघाईत वाक्य पुसायच्या आधीच बोट 'सर्व फोटोंना लागू करा' या बटणावर पडलं. वेबसाइट फारच आज्ञाधारक निघाली.

पडद्यावर जहाज आलं. स्पीकर खणखणीत बोलला, "साहेब पोट आत घेऊन उभे आहेत. श्वास संपत आलाय."

मग क्रेन आली. पुन्हा साहेबच. ट्रकच्या वेळी सगळ्या माना शहाजीरावांकडे वळल्या आणि शहाजीरावांनी सवयीने पोट आत घेतलं.

"हे साहेब इथे आहेत का?" नूरीन मॅडमनी विचारलं.

"आहे," शहाजीराव कसेबसे म्हणाले.

"मग श्वास सोडा हो आधी!"

हॉलमध्ये हशा पिकला.

"कुणी लिहिलंय हे?" शहाजीराव गरजले.

यशराज उभा राहिला. बढती गेलीच होती, आता नोकरी राहिली तरी पुष्कळ, असं त्याला वाटत होतं.

"चूक तर आहेच," नूरीन मॅडम म्हणाल्या. "माणसाची अशी थट्टाही बरी नव्हे. पण सर, खरं सांगू? रोज मी 'फोटो एक, फोटो दोन' असलंच ऐकते. आज पहिल्यांदा फोटोत कुणीतरी उभं आहे असं वाटलं."

शहाजीरावांनी अखेर श्वास सोडला. मग म्हणाले, "यशराज, संध्याकाळपर्यंत सगळं नीट कर. लीड तूच. आणि उद्या फोटोग्राफरला बोलव, माझा नवा फोटो काढायचाय."

"हो सर! फोटो आला की लगेच वर्णन लिहितो."

"अजिबात नाही. वर्णन आधी लिहून दे. मी तसा उभा राहतो."